'ओव्हरफ्लो'ला मराठीत काय म्हणावं?

नांदेडी: डिप्लोमाच्या पोरांसाठी फ्लोटिंग पॉइंटच्या (संगणकातल्या अपूर्णांकी संख्या, थोडक्यात फ्लोट) नोट्स मराठीत लिहायलोय. ओव्हरफ्लोपाशी, म्हणजे उत्तर साठवता येईल त्याहून मोठं होतं तिथं, अडलंय. 'अतिप्रवाह' लिहिलं तर पोरं म्हणायलीत, सर, हे पाटबंधारे खात्याचं आहे का?

गोदाकाठ: बरोबरच म्हणायलीत की. नाथसागर भरला तर जास्तीचं पाणी दारांतून गोदावरीत जाताना दिसतं तरी. फ्लोटमधलं जास्तीचं कुठंच जात नाही. डबलची (६४ बिटांच्या फ्लोटची) कमाल साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात. उत्तर त्यापुढं गेलं की आकडा पुसला जातो अन् 'अनंत' येऊन बसतं: घातांकाचे ११ ही बिट १, अपूर्णांकाचे ५२ बिट ०. किती पुढं गेलं होतं, ते मग कळत नाही. मी तर सरळ 'अनंत होणे' लिहीन.

बालाघाटी: ते नका लिहू. आयईईई ७५४ हे फ्लोटच्या गणिताचं मानक १९८५ चं, अन् त्यात ओव्हरफ्लो आणि शून्यानं भागणं हे दोन वेगळे अपवाद आहेत. १ भागिले ० चं अनंत मानकाच्या लेखी अचूक उत्तर आहे. ओव्हरफ्लोचं अनंत मात्र एका मोठ्या पण मर्यादित संख्येच्या जागी बसवलेलं. बिट तेच, फ्लॅग (कोणता अपवाद घडला ते सांगणारी खूण) वेगळे. शिवाय राउंडिंग शून्याकडं (उत्तर शून्याच्या बाजूला छाटायचं) लावलं असेल तर ओव्हरफ्लो होऊनही अनंत येतच नाही, सर्वांत मोठी मर्यादित संख्या हाती येते. मग काय 'अनंत झालं' म्हणणार?

नांदेडी: हे भारी सांगितलं. पायथॉनचं तर आणखी तिसरंच. '१ई३०८ * १०' (१० चा ३०८ वा घात गुणिले १०) टाकलं की गपचूप 'इन्फ', म्हणजे अनंत, छापतं, '१०.० ** ४००'ला (१० चा ४०० वा घात) मात्र ओव्हरफ्लो एरर.

गोदाकाठ: मग भागाकाराच्या अनंताला भास्कराचार्यांचा 'खहर' घ्या. शून्यानं भागलेली राशी म्हणजे खहर, तीत काही मिळवा की वजा करा, बदलत नाही. मानकातही अनंत अधिक ५ म्हणजे अनंतच.

बालाघाटी: शब्द देखणा आहे, पण 'इन्फ' छापून आल्यावर तो खहर की ओव्हरफ्लोचा, हे नुसत्या आकड्यावरून कसं ओळखायचं? अन् १ ला उणे शून्यानं भागलं तर उणे अनंत येतं. अनंतातून अनंत वजा केलं तर नॅन ('नॉट अ नंबर', संख्याच नाही). एवढं ओझं जुन्या शब्दावर कशाला? 'मर्यादाभंग' चालेल.

नांदेडी: मर्यादाभंग म्हणजे रामायण वाटायलंय! नाम 'ओव्हरफ्लो'च ठेवतो, क्रियापद 'मर्यादेबाहेर जाणे'. पूर्णांकालाही चालेल ना?

बालाघाटी: तिथं तर जास्तच चपखल, कारण पूर्णांकात अनंताला जागाच नाही. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट पडलं ते यातूनच: ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात भरायला गेले, त्याची कमाल ३२,७६७, अन् आकडा त्याहून मोठा निघाला.