वि. स. पागे आणि रोहयो: प्रत्यक्षात काम कसं चालतं?

वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती ना खातं, ना निधी. तरी रोजगार हमी योजना (रोहयो), म्हणजे गावात काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, ही सांगली जिल्ह्यात तासगावच्या विसापूर भागात आधी करून पाहिलेली कल्पना त्यांनी राज्याच्या गळी उतरवली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ‘रोहयोचे जनक’ हे सगळे म्हणतात. इथे योजना हाताळणाऱ्यांनी तिचे खाचखळगे लिहावेत.

तहसील कचेरीतून
नमुना ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरला की तारखेची पोच घ्याच. मागणीपासून १५ दिवसांत काम नाही, तर बेकार भत्ता. म्हणजे सगळा कायदा त्या तारखेवर उभा. पोच द्यायला टाळाटाळ होते ती त्यामुळेच. तोंडी मागणीला काडीची किंमत नाही. जुन्या नियमाने नवं काम काढायला ५० मजूर लागत, कमी असले तर चालू कामावर पाठवत. शेल्फवर, म्हणजे तयार ठेवलेल्या कामांच्या यादीत, मंजूर कामं नसली की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता यातच पंधरवडा सरतो. शेल्फ दिवाळीनंतरच भरून ठेवावं; उन्हाळ्यात धावपळ करून काही होत नाही.

मोजमाप करणाऱ्याकडून
खरी भांडणं मापाची. मजुरी हजेरीवर नाही, कामावर. दर असा बांधलेला की मध्यम ताकदीच्या माणसाने सात तास नेटाने काम केलं तर किमान वेतन पडावं. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच राखायचा, मूळ जमीन किती उंच होती ते कळायला. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल म्हणजे २.७ घनमीटर. खांब मापाआधी पडला की खोली अंदाजाने लिहितात, आणि तो अंदाज मजुराच्या बाजूने चुकलेला सहसा दिसत नाही! दुसरी मेख मातीच्या प्रकाराची. कठीण मुरूम ‘मऊ’ लिहिला गेला की टोळीची मजुरी तिथेच घसरते. पहिल्याच दिवशी मुकादमासमोर प्रकार ठरवून घ्यावा.

वरील प्रतिसादाला पुरवणी
लीड आणि लिफ्ट राहिलं. माती किती लांब वाहिली आणि किती उंच चढवली, याचे पैसे वेगळे. पाझर तलावाची पाळ वर जाते तशी लिफ्ट वाढते. नोंद मात्र पहिल्या आठवड्याचीच पुढे चालवतात.

रस्त्यांच्या कामावरून
खर्चात अकुशल मजुरी किमान ६० टक्के हवी. हेतू चोख, पण त्यामुळे मातीकाम, खडी होते आणि मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची बांधीव वाट, कुशल खर्चात अडकते. पहिल्याच पावसात ओढा रस्ता कापून नेतो. मोरीचे पैसे दुसऱ्या योजनेतून आधी पक्के करावेत, मगच भराव घालावा.

हिशेबनीसाकडून
पैसा कुठून आला तेही लिहायला हवं. १९७५ चा व्यवसाय कर याच योजनेसाठी आला, आणि जमेइतकीच रक्कम सरकारने घालायची असं ठरलं. मुंबईतल्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५००, ते हेच. ज्यांच्या पगारातून ते कापले जातात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना पाझर तलाव आठवत असतील.

मजूर संघटनेतून
२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवस होते. राज्याच्या कायद्यात हक्क प्रत्येक प्रौढाचा, दिवसांना मर्यादा नाही. म्हणून केंद्राचे दिवस भरले तरी मागणी थांबवू नका. पुढचा खर्च राज्याचा. पुन्हा नमुना ४, पुन्हा तारखेची पोच.