क्षार म्हणजे नेमकं काय?

बर्डीकर: दहावीच्या हिंदी नोट्स मराठीत करून देतोय. तिकडे 'अम्ल और क्षारक से लवण और जल', आपल्याकडे आम्ल आणि आम्लारीपासून क्षार आणि पाणी. नागपुरात पोरं शाळेत मराठीतून अन् ट्यूशनला हिंदीतून शिकतात. ट्यूशनचे सर कॉस्टिक सोड्याला, म्हणजे आपल्या आम्लारीला, सरळ 'क्षार' म्हणतात. पोरानं तेच पेपरात लिहिलं, मार्क गेले. 'क्षार' शब्द टाळून मिठांच्या सगळ्या वर्गाला काय म्हणू?

मूळशोध: लवण म्हणा. सरांचं चुकलं नाहीच. संस्कृतात क्षार म्हणजे राखेतून काढलेला दाहक पदार्थ. यवक्षार जवाच्या राखेचा. अल्कली, म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी, हा शब्दसुद्धा अरबीतल्या राखेवरूनच आलाय. मराठीनेच अर्थ फिरवला. आम्लारी मात्र झकास, आम्लाचा अरि!

खारपाणी: अजी, लवण कोण म्हनते? अकोल्याकडं खारपाणपट्ट्यात या. विहिरीच्या पाण्यात क्षार हाय म्हंजे मीठच. अन् हा निस्ता शब्दाचा खेळ नाही. क्षारयुक्त जमिनीचा सामू, म्हंजे आम्ल का अल्कली ते सांगणारा आकडा, साडेआठच्या आत. निचरा काढून गोड्या पाण्यानं धुवा लागते. साडेआठच्या वर गेली त ते चोपण, म्हंजे अल्कली जमीन, तिले जिप्सम पाहिजे. क्षार म्हंजे अल्कली समजून क्षारयुक्त वावरात जिप्सम टाकला त पैसा पाण्यात.

धरमपेठी: 'सामू' कशाला? पीएच म्हणा की. डेन्मार्कच्या सोरेन्सनने 1909 मध्ये दारूभट्टीच्या प्रयोगशाळेत काढलेली मोजणी, तिला सोवळं कशाला नेसवता?

खारपाणी: माती परीक्षणाच्या कागदावर सामूच असते भाऊ. शेतकऱ्याले समजते, तुमालेच अडते.

मूळशोध: सामर्थ्यावरून सामू, असा माझा कयास.

धरमपेठी: तुमचे कयास दरवेळी संस्कृतातच कसे पोचतात हो?

महालची_मावशी: एक सांगू? पापडखार खारट नसतो. जिभेवर ठेवा, साबणासारखा लागतो. म्हणजे आमच्या डब्यातला 'खार' मूळशोधरावांच्या बाजूचा. चिमूटभर जास्त पडला की पापड तळताना लाल होतो.

खारपाणी: मावशी, तो लालपणा तेल जास्त तापल्यानं येते.

महालची_मावशी: त्याच कढईत, त्याच तेलात सोड्याचे पापड पांढरे निघाले होते. सांगा आता.

बर्डीकर: लवण लिहू का मग?

धरमपेठी: मावशी, सोड्याचे पापड तेल फार पितात पण.