अनुभव धागा: बेस गिटारवर तुमचं पहिलं जपानी गाणं कोणतं?

मंद्रसप्तक
भाच्यानं बेस गिटार घेतलीय. काल रात्री त्याचा फोन आला, "मावशी, तू जपानला असताना वाजवायचीस ना? सोपी जपानी गाणी सांग गं, ॲनिमेची (जपानी कार्टून मालिकांची) सगळी गाणी फार फास्ट आहेत." त्याला यादी पाठवायला बसले आणि योकोहामाचे दिवस इतके वर आले की झोपच उडाली. म्हणून हा धागा. ज्यांनी ज्यांनी जपानी गाण्यांवर बेस शिकलाय किंवा शिकताय, लिहा प्लीज.

माझं सांगते. ऑफिसमधल्या चौघांचा बँड होता. त्यातल्या बेसवाल्याची बदली ओसाकाला झाली आणि वर्षअखेरच्या पार्टीत तर वाजवायचं होतं. मी लहानपणी पेटी शिकलेय एवढं त्यांना माहीत होतं, तेवढ्यावर बेस माझ्या गळ्यात पडली. गाणं होतं ब्लू हार्ट्सचं 'लिंडा लिंडा', 1987 चं. सुरुवात संथ, जवळजवळ नुसता आवाज आणि गिटार, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. बेसला काम एकच, कॉर्डचा मूळ स्वर धरायचा आणि प्रत्येक मात्रेत दोन ठोके देत राहायचं. तिथे याला रूटो-बिकी म्हणतात. शाळांच्या संगीत क्लबात नवीन मुलं बहुतेक इथूनच सुरू करतात.

हे सोपं आहे म्हणून हलकं समजू नका, एवढंच मला मनापासून सांगायचंय. ड्रमवाल्याच्या पायाचा ठोका आणि तुमचा स्वर एकाच क्षणी पडला की अख्खा बँड जागेवर बसतो. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा ड्रमवाल्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या आनंदाला तोड नाही.

भाच्यासाठी दुसरं गाणं काढलंय स्पिट्झचं 'चेरी' (1996). कोरस ए मायनर, ई मायनर, एफ, सी असा फिरतो. म्हणजे ए ची मोकळी तार, ई ची मोकळी तार, ई वरच पहिला फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी), मग ए वर तिसरा. हात वर सरकवायलाच लागत नाही! मूळ रेकॉर्डमध्ये स्पिट्झचे बेसवाले तामुरासान मधे मधे खूप सुंदर जागा घेतात. त्या नंतर. आधी चार स्वर सरळ.

पेठेतला_पिक
हारुका कानाता!!! एशियन कुंग-फू जनरेशन. नारुतो ॲनिमेचं दुसरं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीचं गाणं. बेसनेच सुरू होतं राव, बाकी सगळे नंतर येतात. मी बेस घेतला तो फक्त त्या सुरुवातीसाठी.

सोपं म्हणणार नाही, वेग आहे. पण नवशिक्यानं अर्ध्या वेगात लावून बसावं. यूट्यूबला स्पीड कमी करता येतो. पिक घेऊन वाजवा, बोटांनी मनगट भरून येतं सुरुवातीला.

चिपळूणची_चिऊ
भाचा कितवीत आहे? बेस केवढ्याला पडली? आमच्याकडे लेकीचा हट्ट चालू आहे म्हणून विचारते

मंद्रसप्तक
@चिऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. स्वतःच्या इंटर्नशिपच्या पैशातून घेतली गं त्यानं, मला फार कौतुक वाटलं. यामाहाची आहे. तुझी लेक लहान असेल तर शॉर्ट स्केल बघ. तारेची लांबी 34 ऐवजी 30 इंच असते, पहिल्या फ्रेटपर्यंत हात सहज पोचतो.

चिपळूणची_चिऊ
लेक डावखुरी आहे 😔 तीच तर अडचण. के-ऑन हे ॲनिमे बघून खूळ लागलंय. त्यातली मिओ डावखुरी बेस वाजवते ना, तर म्हणते मलाही तशीच हवी. दुकानात विचारलं तर म्हणाले उजवीच घ्या, सवय होते. तिचं तोंड एवढंसं झालं.

वसईवाला
चिऊताई, तिला डावीच घेऊन द्या. थोडं थांबावं लागेल, मागवून घ्यावी लागते, मॉडेलही मोजकीच. पण जे पोर स्वतःहून बेस मागतंय त्याला उलट्या हातानं सुरुवात करायला लावू नका. मी डावखुरा आहे, तबला उजव्या हातानं शिकवला गेला. अजून कधी कधी वाटतं, वेगळं झालं असतं.

आणि के-ऑनचं 'फुवा फुवा टाइम' तिला जमेल हळूहळू. शेवटी लागतं ते 'डोन्ट से लेझी' मात्र आत्ता नको, बेसची लाईन अवघड आहे, उगाच हिरमोड होईल.

चिपळूणची_चिऊ
🙏 दाखवते तिला तुमचं लिहिलेलं. खूश होईल.

मडगावकार
माझें पहिलं जपानी गाणं म्हणजे मोंगोल 800 चं 'चिइसाना कोई नो उता'. ओकिनावाचा बँड, तेव्हा तिघंच जण, 2001 चं गाणं. बेस वाजवणारा कियोसाकूच गातो! आमच्या बँडात मी गायचो आणि बेसवाला कायम उशिरा, म्हणून म्हटलं दोन्ही आपणच करूया.

गात गात वाजवायचं असेल तर माझा उपाय सांगतो. आधी बेस इतका वाजवा की टीव्ही बघत वाजवता आला पाहिजे. मग शब्द नुसते बोला, सुरात नको. मग सूर. शब्द आणि ठोके एकमेकांना धक्के देतात ते दुसऱ्या पायरीवर कळतं आणि तिथेच सुटतं.

ओकिनावाला जायचंय एकदा. समुद्र आहे, बेट आहे, त्यांचं स्वतःचं गाणं-बजावणं आहे, मुख्य भूमीपासून लांब. मला ते फार जवळचं वाटतं.

तोक्योची_सूनबाई
निशी-कासाईहून लिहितेय, पोळ्या चालू आहेत, चुका सांभाळून घ्या.

इथे लेकाच्या शाळेच्या बुंकासाईला (सांस्कृतिक महोत्सवाला) तीन बँड होते. तीनपैकी दोघांनी 'लिंडा लिंडा' वाजवलं!! इतकी जुनी गोष्ट, त्यांच्या आईबापांच्या लहानपणीची, आणि मुलं उड्या मारत होती. याच गाण्यावरून नाव घेतलेला 2005 चा पिक्चर आहे 'लिंडा लिंडा लिंडा', शाळेतल्या मुलींचा बँड, कोरियन मुलगी गाते. त्यात बेस वाजवणारी मुलगी खऱ्या बँडमधली बेसिस्ट आहे, बेस बॉल बेअरची सेकिने शिओरी. तिची बोटं बघा, खोटं काहीच नाही. जरूर बघा.

फ्लॅटच्या भिंती पातळ, त्यामुळे आमच्याकडे हेडफोन. व्हॉक्स कंपनीचं छोटंसं ॲम्प येतं, गिटारलाच खोचायचं आणि हेडफोन त्यात. शेजारी खूश.

पेठेतला_पिक
@सूनबाई ओचानोमिझूला गेलात का हो कधी? तो गिटारांच्या दुकानांचा रस्ता?

तोक्योची_सूनबाई
लेकाबरोबर दर सुट्टीला 🙂 एका दुकानातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. जुन्या वाद्यांवर कुठे ओरखडा आहे तेसुद्धा चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. वाजवून बघा म्हणतात, घेतलंच पाहिजे असं काही नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहते.

आजोबा_ठाणे
मी बेस वाजवत नाही, पण जपानी गाणं म्हटलं आणि राहवलं नाही. 'उए ओ मुइते आरुको', साकामोतो क्यू. 1961 चं. अमेरिकेत त्याला 'सुकियाकी' म्हणायचे, 1963 साली तिथे पहिल्या नंबरवर होतं, जपानीतूनच, भाषांतर न करता. आमच्या चाळीत एका घरी त्याची रेकॉर्ड होती. शब्द कुणालाच कळायचे नाहीत, शीळ मात्र सगळे वाजवायचे.

हे साकामोतो 1985 च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात गेले. 43 वर्षांचे होते. ती बातमी वाचली तो दिवस आठवतो मला.

मंद्रसप्तक
आजोबा, किती छान आठवण. हे गाणं बेसवर फार गोड आहे हो. लय झुलती आहे, चालत्या पावलांची, ठोके सरळ सरळ पाडून चालत नाही. भाच्याच्या यादीत घालते. शीळ तुम्ही घाला 🙂

आजोबा_ठाणे
घालीन की.

ए_मायनर
सोबाकासु कुणी सांगितलं नाही अजून? केनशिन ॲनिमेचं ओपनिंग

वसईवाला
ज्युडी अँड मेरी? अहो ते नवशिक्याला नको. गाणं ऐकायला हसरं-खेळकर, पण बेस एक क्षण स्वस्थ बसत नाही. तसंच लार्क-आं-सिएलचं, तेत्सुयाची बेस म्हणजे गाण्यात दुसरं गाणं असतं. आणि 'युअर नेम' या ॲनिमे पिक्चरमधलं रॅडविंप्सचं 'झेनझेनझेनसे', वेग बघा त्याचा! पोरं हीच तीन निवडतात आणि महिन्यात गिटार कपाटावर जाते. भाच्याला ॲनिमेचंच हवं असेल तर सावकाश गाण्यांपासून सुरू करू दे.

हळू गाणं हवं असेल तर आयम्योनचं 'मारीगोल्ड' (2018). भरपूर वेळ मिळतो पुढचा कॉर्ड आठवायला. पण हळू गाण्यात एक गोष्ट उघडी पडते, स्वर कुठे थांबवता ती. डाव्या हाताचं बोट किंचित सैल केलं की स्वर थांबतो. न थांबवता एकात एक मिसळू दिले तर सगळं गढूळ. वाजवण्याइतकंच थांबवणं शिका.

रानजाई
@वसईवाला हे फार पटलं. आमच्या क्लासला सर हेच सांगतात, फक्त रागावून 😀

माझं आवडतं चॅटमॉन्ची. तोकुशिमात सुरू झालेला मुलींचा बँड, 2018 ला त्यांनी तो थांबवला तेव्हा मी रडले होते. 'शांगरिला' सोपं वाटतं, पण कोरसमध्ये मात्रांचा हिशेब बदलतो, चारच्या सवयीनं गेलं की पाय चुकतो. नवरा तबला वाजवतो. त्यानं एकदाच ऐकलं आणि हातावर टाळी धरून दाखवलं, हे बघ इथे वाढलं. मग मी त्याच्या टाळीवर वाजवत गेले. जेवण राहिलं त्या दिवशी, बाहेरून मागवलं.

वसईवाला
तबलावाला घरात असणं म्हणजे नशीब. त्यांना सांगा बेसवाल्यासाठी नुसता डग्गा वाजवून द्या, ड्रमच्या पायाच्या ठोक्यासारखा. मेट्रोनोमपेक्षा शंभर पट छान सराव होतो.

चिपळूणची_चिऊ
लेकीनं सगळा धागा वाचला. वसईकाकांना थँक्यू म्हणतेय. आणि विचारतेय की 'चेरी' डाव्या हातानं वाजवलं तर बोटांच्या जागा बदलतात का?

वसईवाला
अजिबात नाही बाळा. तार तीच, फ्रेट तोच. टॅब (कोणती तार, कितवा फ्रेट ते लिहिलेला कागद) जसं लिहिलंय तसंच वाचायचं. फक्त समोर बसलेले सर तुला आरशात असल्यासारखे दिसतील, उलट ते सोपंच जातं.

ए_मायनर
कुणी डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) देतंय का पुण्यातून? एन-5 पातळी आहे माझी. गाण्यांवरून शब्द पाठ करतोय

रानजाई
मी एन-4. विपूत (विचारपुशीत) ये, नोट्स देते. गाण्यांतलं व्याकरण मात्र परीक्षेत धरून चालू नकोस, कवितेची भाषा असते ती.

मंद्रसप्तक
भाच्याला पाठवलेला क्रम: लिंडा लिंडा, चेरी, मारीगोल्ड, आजोबांचं गाणं, मग मडगावकारांचं, आणि हारुका कानाता सगळ्यात शेवटी. त्याचं उत्तर आलं, "मावशी, हारुका कानाता आधी करू का?"

पेठेतला_पिक
करू दे त्याला!!

मंद्रसप्तक
करू दे म्हणाले. अर्ध्या वेगात, पिकनं. रविवारी येतोय घरी, मी पेटी काढून मूळ स्वर धरणार आहे. पेटीचे भाते गेलेत बहुतेक. डोंबिवलीत पेटी दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का?

आजोबा_ठाणे
आहे एक ओळखीचे. विपू करतो.