ब्रेक पॅड: दारव्ह्यात की यवतमाळला?

प्रश्न: वॅगनआरचा ब्रेक दाबला की समोरून चिरचिर आवाज येते. दारव्ह्यातला मेकॅनिक पॅड आणि डिस्क (पॅड ज्यावर घासून चाक थांबते ती चकती) दोन्ही बदला म्हणते, यवतमाळवाला फक्त पॅड. भाव ताडून कसे पाहू?

उत्तर १: भाऊ, नुसता एकूण आकडा नको विचारू. पार्टचा ब्रँड, पार्ट नंबर, लेबर हे वेगवेगळं व्हॉट्सॲपवर माग. गॅरेज जीएसटीत नोंदलेलं असलं तर लेबरवर 18 टक्के जीएसटी लागते, पण डब्यावरच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो. एमआरपीवर पुन्हा कर लावला तर सरळ विचार.

उत्तर २: आधी डिस्क मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) तुमच्यासमोर लावायला सांगा. डिस्क त्या किमान जाडीहून जाड असेल, खोल चरे नसतील आणि ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरत नसेल, तर डिस्क राहू द्या. पॅडचा मसाला, म्हणजे घासून झिजणारा थर, 3 मिमीच्या खाली गेला की पॅड बदला, समोरच्या दोन्ही चाकांचे मिळून चार. एकाच कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आतला पॅड जास्त झिजला असेल तर बहुतेक स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकते ती पिन, जाम आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घुसला की हे होतेच. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं पिनचं रबर फुगते, पिन पुन्हा अडकते आणि नवे पॅडही तसेच खपतात. हे काम लेबरमध्ये धरलं का, तेही दोघांना विचारा. इथंच स्वस्त कोटेशन महाग पडते.

उत्तर ३: यवतमाळच्या भावात जाण्यायेण्याचं पेट्रोल जोडा. अन् जुने पॅड मागून घ्या, राजेहो!