आयरिश म्हणी : गावाचे शहाणपण की गरिबाची समजूत?

मूळ मुद्दा :
आयरिश भाषेत म्हणीला ‘शानोकल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘जुना शब्द’. या जुन्या शब्दांचे कौतुक पुष्कळ होते, पण ते कोणाच्या सोयीचे होते हे फारसे कोणी विचारत नाही. ‘जग रे घोड्या, गवत मिळेल’ किंवा ‘भुकेसारखे तोंडीलावणे नाही’ या म्हणी पाहा. ज्या देशात १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जात राहिले, तिथे उपाशी माणसाला तोंडीलावण्याची गोष्ट सांगणे म्हणजे त्याला गप्प बसवणेच होय.

प्रतिसाद १ :
आपण म्हण कागदावर वाचली आहे, बोलण्यात ऐकलेली नाही. घोड्याची म्हण तिथे बहुधा उपरोधानेच वापरतात. पोकळ आश्वासन देणाऱ्याला मारलेला तो टोमणा आहे. शिवाय साऱ्याच म्हणी सोसायला सांगत नाहीत. ‘माणसे एकमेकांच्या सावलीत जगतात’ या म्हणीतल्या मूळ शब्दाचा अर्थ सावली आणि आसरा असा दुहेरी आहे, आणि त्यामागे ‘मेहल’ ही रीत उभी आहे : इंधनासाठी दलदलीतले पीट कापायला किंवा पीक काढायला शेजारी एकत्र येतात, अगदी आपल्या सावडीसारखे. कबऱ्या गाईची कथाही अशीच कामाची आहे. मार्चने आपले काही बिघडवले नाही, अशी बढाई तिने महिनाअखेरीस मारली, तेव्हा मार्चने एप्रिलकडून काही दिवस उसने घेऊन तिला मारले. वसंत आला म्हणून चारा उधळू नका, हे शेतकऱ्याला याहून नेमके कसे सांगणार?

प्रतिसाद २ :
आपण दोघेही गाळलेल्या पाण्यावरून भांडत आहात. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार शाळांतील मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या कथा, म्हणी आणि उपाय लिहवून घेतले. मुले वहीत लिहीत आणि त्यातले निवडक मोठ्या वहीत उतरवले जाई. चावट किंवा धर्मगुरूंची टर उडवणाऱ्या किती म्हणी त्या वहीत पोहोचल्या असतील?

मूळ लेखकाचे उत्तर :
घोड्याबाबत मी माघार घेतो, तोंडीलावण्याबाबत नाही. भरल्या पोटाच्या माणसाच्या तोंडी ती म्हण मला आजही खुपते. वहीचा मुद्दा मात्र मान्य आहे. फक्त पहिली गाळणी शाळेची नसावी. अकरा-बारा वर्षांच्या नातवाने वही उघडून विचारल्यावर आजीनेच काही म्हणी गिळल्या असतील.