घरच्या घरी सजावट आणि तिच्या फजित्या : अनुभव धागा

निळाई
वॉलपेपरवरचे पोपट उलटे लटकलेत, असा एक फोटो काल पाहिला आणि हा धागा काढायचा कधीचा राहून गेलाय ते आठवलं. भिंतभर पोपट, डोकं खाली, पाय वर! ही चूक फार सहज होते. वेलबुट्टीच्या कागदाची वरची बाजू पटकन ओळखू येत नाही आणि गुंडाळीतून सुटलेलं टोक वरचंच असं धरून कात्री चालते. पट्टी कापली की पाठीमागे लगेच ‘वर’ असा बाण काढावा. पेन्सिलीने. पेनाची शाई खळीच्या ओलाव्याने पुढच्या बाजूला उमटते.

दुसरी फजिती हिशोबाची. नेहमीची गुंडाळी ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब असते. भिंत २.४ मीटर उंच, वर-खाली कापायला ५-५ सेंमी जादा, म्हणजे पट्टी अडीच मीटरची. एका गुंडाळीत चार पट्ट्या, असं कागदावर तरी दिसतं. पण नक्षी दर ६४ सेंमीने पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पट्टी नक्षीच्या त्याच जागेवरून सुरू करावी लागते, म्हणजे २.५६ मीटर खर्च. तीन पट्ट्यांत ७.६८ मीटर गेले, उरले २.३७. भिंत २.४०. चौथी पट्टी ३ सेंमीने तोकडी! आणि मग नवी गुंडाळी आणली तर तिच्यावरचा बॅच क्रमांक वेगळा, छटाही किंचित वेगळी. म्हणून सगळ्या गुंडाळ्या एकदम आणि एकाच बॅचच्या घ्याव्यात.

घरी स्वतः काम करणाऱ्यांनी लिहा. काय बिघडतं, का बिघडतं, निस्तरायचं कसं. मापं द्या, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

उंबरठा
हाहा, पोपटांचं शीर्षासन! चौथ्या पट्टीचा हिशोब मात्र लाखमोलाचा.

ओळंबा
कोपरा सरळ उभा असतो हा समज आधी सोडावा. गिलाव्याचा कोपरा वरपासून खालपर्यंत १-२ सेंमी सहज कलतो. कोपऱ्याला धरून पहिली पट्टी लावली की पाचव्या पट्टीपर्यंत सगळी नक्षी तिरकी, आणि छताशी अर्धं फूल कापलेलं. कोपऱ्यापासून साधारण ५१ सेंमीवर ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडून पेन्सिलीची बारीक रेघ मारायची आणि पट्टीची कड त्या रेघेला लावायची. जादाचे २ सेंमी कोपरा ओलांडून पलीकडच्या भिंतीवर वळतात, वळू द्यावेत. अख्खी पट्टी कधीही कोपऱ्यातून वळवू नये, सुरकुत्या पडणारच. नव्या भिंतीवर नवा ओळंबा.

फुगे येतात ते घाईमुळे. साधा कागद खळीने ओला झाला की रुंदीला फुगतो. खळ लावून घडी घालून ५ ते १० मिनिटं मुरू द्यायचा (वेळ वेष्टनावर असतो), मग लावायचा. लगेच लावला तर तो भिंतीवर फुगतो, आणि मग हाताने दाबत बसलं की एक फुगा विझतो, शेजारी दुसरा उठतो. पाठीला न विणलेल्या तंतूंचं (नॉन-वोव्हन) अस्तर असलेला कागद फुगत नाही, त्यात खळ थेट भिंतीला लावतात. ब्लेडचं टोक प्रत्येक पट्टीला मोडून नवं घ्या. बोथट ब्लेडने ओला कागद कापला जात नाही, फाटतो.

शिडीवरून
घाईत लिहितोय. रंगाचा अख्खा पापुद्रा चादरीसारखा निघून हातात येतो ना, त्याचं कारण बहुतेक वेळा खालचा ऑइल पेंट. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन जुना रंग घासून पाहा. रंग बोळ्याला लागला तर इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग), नाही लागला तर ऑइल. ऑइल असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारायची, ओल्या फडक्याने पुसायचं, कुठल्याही रंगावर धरणारा प्रायमर (खालचा पहिला हात) आणि मगच इमल्शन. फार जुना रंग असेल तर कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.
पुट्टीचं रात्री लिहितो.

कोरा कागद
मास्किंग टेपबद्दल कुणीतरी लिहा प्लीज. टेप ओढली की भिंतीचा रंगही सोबत येतो आणि सरळ रेघेच्या जागी करवतीचे दात!

साधासुधा
@कोरा कागद, दात पडतात कारण रंग टेपखाली झिरपतो. टेप लावून कड नखाने नीट दाबा. मग टेपच्या कडेवर आधी जुन्याच रंगाचा पातळ हात मारा. झिरपायचं ते तेच झिरपेल, भेगा बुजतील आणि दिसणारही नाही. तो वाळला की वरून नवा रंग. शेवटचा हात अजून ओलसर असतानाच टेप काढायची, ४५ अंशात, मागे दुमडून, हळू. रंग पूर्ण वाळल्यावर काढली तर त्याची कातडी टेपबरोबर उचलली जाते. तसं झालंच असेल तर आधी ब्लेडने कडेला हलकी चीर द्या.

आणि ताज्या रंगावर टेप नको. इमल्शन हाताला कोरडं लागतं तासाभरात, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. भिंतीवर चिकटवायच्या स्टिकरांनाही हेच लागू.

मधली सुट्टी
पडदे! सुती कापड शिवायच्या आधी धुवा. पहिल्या धुण्यात ५ टक्के आटलं तरी अडीच मीटरच्या पडद्यात १२-१३ सेंमी जातात, आणि पडदा जमिनीपासून उंच लटकतो.
रुंदी दांडीच्या लांबीच्या दुप्पट तरी हवी, नाहीतर बंद केल्यावर चुण्याच राहत नाहीत, ताणलेली चादर दिसते.

गुण्या
यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. सुट्या भागांचं कपाट जमिनीवर आडवं जोडून मग उभं करतात. खोलीची उंची २३५ सेंमी, कपाट २३० सेंमी. बसतंय असं वाटतं. पण उभं करताना कपाट कर्णावर फिरतं. कपाट पुढून मागे ६० सेंमी असेल तर कर्ण जवळजवळ २३८ सेंमी. छताला ३ सेंमी आधीच अडकतं, आणि चार माणसं तिरकं कपाट धरून एकमेकांकडे बघत राहतात! गरज असते ती कर्णाला पुरेल एवढ्या उंचीची. ती नसेल तर बाजूच्या फळ्या उभ्या ठेवूनच जोडणी करायची. माहितीपत्रकात तसा पर्याय आहे का ते आधी पाहा. दारातून बाहेर नेण्याचंही हेच गणित.

दारं एकमेकांना घासतात तेव्हा बिजागऱ्या पिळत बसू नका, आधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच सांगाडा काटकोनात आहे. पाठीमागची पातळ फळी ठोकण्याआधी कर्ण जुळवायचे, कारण सांगाडा तीच धरून ठेवते. सगळे स्क्रू आधी सैल बसवा, आवळायचे शेवटी. आणि लांबीनुसार ते वेगळे काढून ठेवा. ५० मिमीचा स्क्रू ३० मिमीच्या जागी गेला की फळीतून टोक बाहेर येतं.

उंबरठा
@गुण्या, चार माणसं आणि तिरकं कपाट अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं. बरं, केसांना लागलेला रंग कसा काढायचा? छत रंगवणं चालू आहे इथे.

साधासुधा
इमल्शन असेल तर ओलं असतानाच कोमट पाणी आणि साबण. वाळलं असेल तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा, मग फणीने काढा. टरपेंटाइन त्वचेला लावू नका. आणि डोक्याला फडकं बांधा हो, चष्मा लावा! रोलर फार भरला की थेंब उडतात. ट्रेच्या उतारावर दोन-तीनदा फिरवून निथळू द्या.

शिडीवरून
आलो. पुट्टी एका हातात जाड भरली की वाळताना चिरा जातात. एका हाताला दीड मिमीपेक्षा जाड नको. खड्डा खोल असेल तर दोन-तीन हातांत, मधे वाळू देऊन. भिंतीत ओल असेल तर पुट्टी, रंग सगळं वाया, पोपडे येणारच. आधी गळती बंद करा.

भिंतीभोवती गडद चौकट दिसते ती का? चारही भिंतींच्या कडा ब्रशने आधी रंगवून ठेवतात आणि रोलर तासाभराने फिरतो. एकेक भिंत घ्या, कडा ओल्या असतानाच रोलर त्यांच्यात मिसळवा. हात मारताना पंखा बंद. पंख्याने कड लवकर सुकते आणि जोड दिसतो. एकाच शेडचे दोन डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांत थोडा फरक पडू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उठून दिसतो.

कोरा कागद
साधासुधा, धन्यवाद! जुन्या रंगाचा हात मारायची युक्ती माहीत नव्हती. ड्रिल भिंतीत शिरतच नाहीये, नुसता धूर आणि जळका वास. बिट बदललं तरी तेच.

ओळंबा
आधी दिशेचं बटण पाहा. उलटं फिरत असेल तर बिट कापत नाही, घासून तापतं. ते ठीक असेल तर हातोडीच्या खुणेवर आहे का पाहा. काँक्रीटला ठोका लागतोच. टाइलवर मात्र ठोका बंद, टाइल पार होईपर्यंत. वर टेपची फुली चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही.

६ मिमीच्या प्लगला (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) ६ मिमीचंच बिट. गिलावा १२-१५ मिमीचा असतो, प्लग त्यातच अडकला तर वजन पडताच गिलाव्यासकट बाहेर येतो. ३० मिमीच्या प्लगला ४० मिमी खोल भोक, बिटवर टेप गुंडाळून खूण करा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक नको, वायरी सहसा तिथूनच जातात.

कोरा कागद
बटण उलटंच होतं! आता लोण्यासारखं शिरतंय.

निळाई
@उंबरठा, छत झालं की रोलर लगेच धुवा. धुणं दुसऱ्या दिवसावर ढकलायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा, रात्रभर ओला राहतो. आणि कुणी लाकडाला जवस तेल लावत असेल तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा.