जाहिराती कापल्यावर आवाज मागे पडतो, जोडावर चित्र फुटतं : डिजिटल टीव्ही रेकॉर्डिंग

प्रवाही

नमस्कार. यूएसबी ट्यूनर आणि टीव्हीहेडएन्ड (टीव्ही रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) वापरून फ्री-टू-एअर, म्हणजे विनाशुल्क, वाहिन्या रेकॉर्ड करतो. एसडी वाहिन्या एमपेग-२ मध्ये येतात, आवाज एमपी२. एचडी म्हणजे १०८०आय, एच.२६४. (एमपेग-२ आणि एच.२६४ हे चित्र दाबून साठवण्याचे प्रकार, एमपी२ आवाजाचा.) मूळ टीएस (प्रसारण जसं येतं तशी साठवलेली) फाईलमधून चित्र आणि आवाज वेगळे काढतो, दोन्हींतून जाहिराती कापतो आणि शेवटी एकत्र जोडतो. पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबत नाही. अडचणी तीन आहेत :

१. जोडाच्या जागी अर्धा-एक सेकंद चित्राचे चौकोन पडतात. एचडीत जास्त.
२. पहिल्या ब्रेकपर्यंत आवाज बरोबर असतो, मग मागे-मागे पडत जातो. दीड तासाच्या कार्यक्रमात शेवटी ओठ आणि शब्द अजिबात जुळत नाहीत.
३. कॉमस्किप (जाहिराती ओळखणारा प्रोग्राम) कधीकधी कार्यक्रमाचाच तुकडा जाहिरात म्हणून दाखवतो.

पुन्हा एन्कोड न करता हे सुटेल का?

फ्रेमगणक

सुटेल. आधी आवाजाचं बघा, कारण त्याचं मूळ बहुधा कापण्यात नाहीच.

टीएसमध्ये चित्राला आणि आवाजाला आपापला टाइमस्टॅम्प (केव्हा दाखवायचं त्या वेळेची नोंद) असतो आणि प्लेअर त्यावरूनच दोन्ही जुळवतो. दोन्ही वेगळे काढले की टाइमस्टॅम्प जातात, उरते फक्त फ्रेमची रांग. प्रसारणात मध्येच काही पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवली आणि चित्राच्या १० फ्रेम गेल्या, तर टीएसमध्ये तिथे नुसती फट दिसते आणि पुढचं सगळं आपल्या जागी राहतं. वेगळ्या काढलेल्या फाईलमध्ये मात्र पुढचं चित्र ४०० मिलिसेकंद अलीकडे सरकतं. असे तीन-चार धक्के बसले की आवाज मागे पडल्यासारखा वाटणारच.

खात्री करायला एक चाचणी करा. तीच फाईल वेगळी काढा, काहीही न कापता परत जोडा आणि शेवटची पाच मिनिटं बघा. तरीही आवाज मागे असेल तर दोष रेकॉर्डिंगमध्ये आहे. बरोबर असेल तर कापण्यात. (फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर कारण तिसरंच : रेकॉर्डिंगच्या तोंडाशी आवाज आणि पहिली दिसण्याजोगी फ्रेम एकाच क्षणी सुरू होत नाहीत, आणि तेवढा डिले जोडताना द्यायचा राहिलेला असतो.)

नुसत्या कापण्याने पडणारा फरक लहान असतो. ४८ किलोहर्ट्झच्या एमपी२ची एक फ्रेम २४ मिलिसेकंदांची, २५ फ्रेमच्या चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन्हींच्या कडा क्वचितच जुळतात, त्यामुळे दर जोडाला फार तर १२ मिलिसेकंद इकडे-तिकडे. टाइमस्टॅम्प सांभाळणारं सॉफ्टवेअर ते साठू देत नाही. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतो, असं आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) शिफारस सांगते. तेव्हा तुम्हाला ठळक दिसतंय ते जोडाचं काम नाही.

एमपेग-२ साठी प्रोजेक्ट-एक्स हे सॉफ्टवेअर वापरा. ते वेगळं काढतानाच टाइमस्टॅम्प तपासतं आणि गरजेप्रमाणे आवाजाच्या फ्रेम घालतं किंवा काढतं. एच.२६४ त्याला चालत नाही. एचडीची फाईल वेगळी काढूच नका, एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने सरळ एमकेव्ही फाईलमध्ये घ्या आणि तिथे कापा. एमपी४ टाळा : एमपी४ मधला एमपी२ आवाज बरेच प्लेअर वाजवत नाहीत.

टाइमलाइन

चौकोनांबद्दल. पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममध्ये असतं. पी आणि बी फ्रेम शेजारच्या फ्रेमपासून झालेला बदलच सांगतात. जाहिरातीनंतरचा तुकडा पी किंवा बी फ्रेमवर सुरू केलात तर डीकोडरकडे आधार नसतो आणि पुढची आय-फ्रेम येईपर्यंत चित्र फुटतं. एसडीत ती साधारण अर्ध्या सेकंदाने येते, एचडीत एक-दोन सेकंदही लागतात. तुम्हाला एचडीत जास्त त्रास होतो तो यामुळे.

अ‍ॅव्हिडेमक्स या कापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही कॉपीवर ठेवा. वर-खालच्या बाणाने आय-फ्रेमवरून आय-फ्रेमवर उडी बसते, डाव्या-उजव्या बाणाने एकेक फ्रेम सरकते, आणि खाली फ्रेमचा प्रकार दिसतो. ए मार्कर जाहिरातीच्या पहिल्या फ्रेमवर लावा, बी मार्कर कार्यक्रम परत सुरू होतो त्या आय-फ्रेमवर. बी मार्करची फ्रेम कापली जात नाही, म्हणून तो एक फ्रेम अलीकडे ओढू नका. बरेचसे फुटलेले जोड तिथेच तयार होतात. ए मार्करही आय-फ्रेमवर ठेवलेला बरा.

एचडीत ओपन जीओपी (मागच्या गटाचा आधार घेणारा फ्रेमचा गट) असेल तर आय-फ्रेमवर कापूनही दोन-तीन फ्रेम बिघडलेल्या दिसतात, कारण तिच्या लगेच आधी दिसणाऱ्या बी फ्रेम मागच्या, म्हणजे कापून टाकलेल्या गटाचा आधार घेतात. अशा वेळी जोड काळ्या किंवा स्थिर चित्रावर घ्या. जाहिरातीचं अर्धं सेकंद राहिलं तरी चालेल, कार्यक्रमाचं वाक्य तुटता कामा नये.

मुक्तसंकेत

कॉमस्किप काळ्या फ्रेम, वाहिनीचा लोगो, चित्राचं रुंदी-उंचीचं गुणोत्तर, शांतता अशा खुणांवरून अंदाज बांधतो. कोणत्या खुणा बघायच्या ते डिटेक्ट मेथड या सेटिंगच्या आकड्याने ठरतं आणि तो आकडा बेरजेचा असतो : काळी फ्रेम १, लोगो २, दृश्यबदल ४, रिझोल्यूशन ८, गुणोत्तर ३२, शांतता ६४. जाहिरातीतही लोगो तसाच ठेवणाऱ्या वाहिनीसाठी २ वजा करा, नाहीतर गोंधळ होणारच. प्रत्येक वाहिनीची आयएनआय (सेटिंगची) फाईल वेगळी ठेवा. एका सेटिंगमध्ये सगळ्या वाहिन्या बसत नाहीत.

आणि त्याच्या भरवशावर फाईल आपोआप कापू नका. ईडीएल फाईल (कापायच्या जागांची यादी) बनवून घ्या : प्रत्येक ओळीत सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि एक कोड. कोडी या प्लेअरसाठी कोड ३ ठेवा. मग ब्रेक आपोआप ओलांडला जातो, पण अंदाज चुकला तर मागे जाऊन तो भाग बघता येतो. कोड ० दिला तर तो भाग दिसतच नाही.

प्रवाही

फ्रेमगणक, तुमची चाचणी केली. न कापता जोडलं तरी आवाज मागेच राहतो. टीव्हीहेडएन्डच्या यादीत त्या रेकॉर्डिंगपुढे एररचा तीन अंकी आकडाही आहे, पण सिग्नल तर नव्वद टक्क्यांच्या वर दाखवतो.

फ्रेमगणक

मग दोष पॅकेट हरवण्याचाच. टक्के ताकदीचे असतात, गुणवत्तेचे नाहीत. एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण) आणि दुरुस्त न झालेल्या ब्लॉकचा आकडा बघा. ब्लॉक वाढत असतील तर अँटेना, केबल, कनेक्टर तपासा. सिग्नल अती जोरदार असला तरी ट्यूनर गडबडतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर असेल तर काढून बघा. ब्लॉक शून्यावर आणि कंटिन्युइटी एरर (पॅकेटचा क्रम तुटल्याच्या नोंदी) मात्र वाढतात, तर पॅकेट ट्यूनरनंतर हरवताहेत : यूएसबी हब काढून ट्यूनर थेट मशीनला लावा, वायफाय डोंगलपासून दूर ठेवा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्याच डिस्कवर कॉमस्किप चालवू नका.

एरर शून्य झाले की आधी एक रेकॉर्डिंग न कापताच तपासा, मग जाहिरातींकडे वळा.